डार्विनच्या कप्तानाचं दुसरं काम

रॉबर्ट फिट्झरॉय हे नाव बहुतेकांनी एकाच संदर्भात ऐकलेलं असतं. चार्ल्स डार्विन ज्या ‘बीगल’ जहाजावरून जगप्रवासाला गेला, त्या जहाजाचा हा कप्तान. उत्क्रांतीच्या गोष्टीत तो तापट आणि धर्मवेडा माणूस म्हणून येतो, दोन संवाद म्हणतो आणि विंगेत जातो. पण सकाळी उठल्यावर आपण मोबाइलवर आजचं हवामान बघतो ना, तो रोजचा सरकारी अंदाज पहिल्यांदा छापायला देणारा माणूस हाच. अंदाज वर्तवतानाही त्याचं डोकं आरमारी अधिकाऱ्याचंच राहिलं आणि पुढं शास्त्रज्ञांशी त्याचं जे बिनसलं ते बरंचसं त्यामुळेच.

फिट्झरॉयचा जन्म ५ जुलै १८०५चा, इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातला. घराणं बडं होतं. आजोबा ग्राफ्टनचे ड्यूक आणि एकेकाळचे पंतप्रधान. वयाच्या बाराव्या वर्षी पोरगं पोर्ट्समथच्या रॉयल नेव्हल कॉलेजात दाखल झालं आणि १८२४मध्ये लेफ्टनंटची परीक्षा पैकीच्या पैकी गुण मिळवून पास झालं. असे गुण त्याआधी कुणालाच मिळाले नव्हते.

ब्रिटिश आरमारातली बढतीची पद्धत समजल्याशिवाय त्याची कारकीर्द नीट उलगडत नाही. कप्तान होईपर्यंत परीक्षा, लढाई, वशिला आणि नशीब, सगळंच लागायचं. त्यात १८१५मध्ये नेपोलियनची युद्धं संपली, जहाजं गोदीला लागली आणि हजारो अधिकारी अर्ध्या पगारावर घरी बसले. म्हणजे हुद्दा आहे, गणवेश आहे, जहाज मात्र नाही. पण एकदा का कप्तानांच्या यादीत नाव चढलं, की पुढची बढती निव्वळ ज्येष्ठतेने. वरचे लोक वारतील किंवा निवृत्त होतील तसतसे खालचे आपोआप वर सरकणार, मग ते समुद्रावर असोत की लंडनमध्ये टेबलाशी. फिट्झरॉयने शेवटचं जहाज १८५०मध्ये सोडलं. तरीही १८५७मध्ये तो रिअर ॲडमिरल झाला आणि १८६३मध्ये व्हाइस ॲडमिरल. कारकुनी करता करता ॲडमिरल!

‘बीगल’ त्याच्याकडे आली ती एका दुर्दैवी घटनेतून. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडचा किनारा मोजण्याच्या कामावर हे जहाज होतं. सततचं वादळ, थंडी, पाऊस, आजारपण. त्यातच कप्तानाने खलाशांबरोबर जेवायचं नाही, बोलायचं ते कामापुरतं, असा आरमारी रिवाज. १८२८मध्ये कप्तान प्रिंगल स्टोक्स याने त्या एकांतात खचून आत्महत्या केली. वर्षअखेरीस रिओमध्ये जहाज फिट्झरॉयच्या हवाली झालं तेव्हा तो २३ वर्षांचा होता.

महिनाभरात पहिला दणका बसला. जानेवारी १८२९च्या अखेरीला उरुग्वेच्या किनाऱ्याजवळ ‘पाम्पेरो’ने जहाजाला गाठलं. पाम्पेरो म्हणजे अर्जेंटिनाच्या गवताळ पठारांवरून अचानक सुटणारा झंझावात. बॅरोमीटर खाली आला होता, क्षितिजावर विजा चमकत होत्या, पण नव्या कप्तानाने ते मनावर घेतलं नाही. शिडांच्या काठ्या मोडल्या, जहाज आडवं होता होता वाचलं आणि दोन खलाशी समुद्रात गेले. बॅरोमीटरकडे दुर्लक्ष केल्याची बोच त्याला कायम राहिली. पुढं आयुष्यभर त्याने या यंत्राचा जो ध्यास घेतला, त्याचं मूळ मला त्या संध्याकाळी दिसतं.

हे यंत्र नेमकं काय सांगतं? आपल्या डोक्यावर हवेचा मोठा थर आहे आणि त्या थराला वजन आहे. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो. बॅरोमीटर हे वजन मोजतो. एखाद्या भागात हवा वर उठायला लागली की तिथला दाब घटतो आणि आजूबाजूची हवा ती उणीव भरायला धावते. तेच वारे. पृथ्वी फिरत असल्याने ते सरळ आत न जाता वळसा घेतात आणि कमी दाबाभोवती भोवरा तयार होतो. पारा झपाट्याने खाली जाणं म्हणजे असा भोवरा जवळ येतोय. जहाजावरच्या माणसाला हाताशी असलेले काही तास मिळतात: शिडं उतरवायला, तोफांची दारं घट्ट लावायला, किनाऱ्यापासून दूर जायला. इतकंच. भोवरा कुठं आहे, किती मोठा आहे, कुठल्या दिशेने चाललाय, हे एकट्या बॅरोमीटरला सांगता येत नाही.

‘बीगल’ची दुसरी सफर २७ डिसेंबर १८३१ला निघाली आणि २ ऑक्टोबर १८३६ला परतली. आपण ती डार्विनची म्हणून ओळखतो, पण सरकारी दफ्तरात तिचं काम किनारे मोजणं आणि पृथ्वीभोवती रेखांशांची साखळी जुळवणं हे होतं. रेखांश म्हणजे शेवटी वेळेतला फरक. सूर्य एक अंश सरकायला चार मिनिटं घेतो. तेव्हा स्थानिक दुपारी बारा वाजता जहाजावरच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ किती आहे हे बघितलं, की आपण किती अंश पूर्वेला वा पश्चिमेला आहोत ते कळतं. मुद्दा एवढाच, की घड्याळ वर्षानुवर्षं हलत्या जहाजावर, उन्हाथंडीत, चुकता कामा नये. फिट्झरॉयने अशी २२ घड्याळं बरोबर घेतली. त्यांतली सहा स्वतःच्या पैशाने. ती भुशात बसवून एका छोट्या खोलीत ठेवली आणि त्यांची देखभाल करायला पदरचा पगार देऊन एक माणूस नेमला. पाच वर्षांनी पृथ्वीप्रदक्षिणा पुरी झाल्यावर टप्प्याटप्प्यातल्या वेळेच्या सगळ्या फरकांची बेरीज केली तेव्हा यायला हव्या त्या २४ तासांपेक्षा ती जवळपास ३३ सेकंदांनी जास्त भरली. विषुववृत्तावर मोजलं तर हा फरक पंधरा किलोमीटरच्या आसपास भरतो. साऱ्या पृथ्वीला वळसा घालून एवढीच चूक! त्याचे नकाशे दर्यावर्दी पुढं पिढ्यान् पिढ्या वापरत राहिले.

वाऱ्याचा जोर ‘जोराचा’, ‘फार जोराचा’ असा मोघम न लिहिता ० ते १२ अशा आकड्यांत नोंदवायची ब्यूफर्टची पद्धतही अधिकृतपणे पहिल्यांदा वापरली गेली ती याच सफरीत. फ्रान्सिस ब्यूफर्ट हा आरमाराच्या नकाशाखात्याचा प्रमुख आणि फिट्झरॉयचा पाठीराखा.

डार्विन जहाजावर आला तो एकांतावरचा उतारा म्हणून. स्टोक्सचं काय झालं ते फिट्झरॉयला माहीत होतं. शिवाय त्याचा मामा लॉर्ड कासलरे, ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री, याने १८२२मध्ये आत्महत्या केलेली. आपल्या रक्तातही ते असेल, अशी भीती त्याला होती. तेव्हा जेवायला बरोबरीचा, शिकलेला, आरमाराबाहेरचा कुणीतरी हवा, अशी मागणी त्याने केली. डार्विनला तो नाकारणारच होता. कारण काय, तर नाक! चेहऱ्यावरून स्वभाव ओळखता येतो यावर फिट्झरॉयची श्रद्धा, आणि असलं नाक असणाऱ्या माणसात या प्रवासाला लागणारी धडाडी नसणार, असा त्याचा होरा. डार्विननेच हे पुढं मिश्कीलपणे लिहून ठेवलंय.

सकाळी कप्तानाचा पारा चढलेला असायचा. डेकवर ड्यूटी बदलताना अधिकारी एकमेकांना हळूच विचारायचे, “आज गरम कॉफीचं वाटप बरंच झालं का?” म्हणजे साहेब किती तापलेत? ब्राझीलमध्ये गुलामगिरीवरून दोघांची जुंपली. एका मळेवाल्याने आपल्या गुलामांना समोर बोलावून ‘तुम्हाला सुटका हवी का’ असं विचारलं, सगळे ‘नाही’ म्हणाले, असं फिट्झरॉयने सांगितलं. मालकासमोर दिलेल्या उत्तराला काय किंमत, असं डार्विन म्हणाला. फिट्झरॉय भडकला, यापुढं आपण एकत्र राहू शकत नाही म्हणाला, आणि काही तासांतच निरोप पाठवून माफीही मागितली. हा त्याचा स्वभाव. राग क्षणाचा, कर्तव्यबुद्धी मात्र कायमची, आणि तिच्यापायी स्वतःचा खिसा रिकामा करण्याची खोड. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला असलेल्या तिएरा देल फ्वेगोतल्या चौघा मूळ रहिवाशांना त्याने पहिल्या सफरीत इंग्लंडला आणलं होतं. त्यांतला एक देवीने वारला. उरलेल्या तिघांना ‘सुधारून’ स्वखर्चाने परत नेऊन सोडलं. तो सगळा उद्योग आज वाचताना अंगावर काटा येतो, पण त्याला ते परोपकाराचं काम वाटत होतं.

परतल्यावर तो १८४१मध्ये खासदार झाला आणि १८४३मध्ये न्यूझीलंडचा गव्हर्नर म्हणून गेला. तिथं जमीनखरेदीवरून गोऱ्या वसाहतकऱ्यांची माओरींशी वैराऊ इथं चकमक झाली होती आणि २२ वसाहतकरी मारले गेले होते. फिट्झरॉयने चौकशी करून कळ वसाहतकऱ्यांनीच काढली असा निकाल दिला. निकाल न्यायाचा होता. पण तिजोरीत खडखडाट आणि पाठीशी मूठभर सैनिक अशा गव्हर्नरला तो झेपणारा नव्हता. गोरे खवळले, उत्तरेत माओरींचं बंड झालं आणि १८४५मध्ये त्याला परत बोलावलं गेलं.

१८५४मध्ये सरकारच्या व्यापार मंडळाने हवामानाचं एक लहानसं खातं काढलं आणि ते चालवायला त्याला नेमलं. हाताखाली तीन-चार कारकून. काम ठरवून दिलेलं: जहाजांच्या कप्तानांना तपासलेली यंत्रं द्यायची, त्यांच्या नोंदी गोळा करायच्या, कोष्टकं बनवायची. अंदाजबिंदाज कुणाच्या मनातही नव्हता. त्याच वर्षी पार्लमेंटमध्ये एक सभासद म्हणाला, की काही वर्षांत लंडनचं हवामान चोवीस तास आधी कळू शकेल, तर सभागृह हसलं.

चित्र पालटलं २६ ऑक्टोबर १८५९ला. मेलबर्नहून सोनं आणि सोनं कमावलेली माणसं घेऊन ‘रॉयल चार्टर’ हे जहाज लिव्हरपूलला निघालं होतं. मुक्काम काही तासांवर आला असताना वेल्सच्या अँगलसी बेटाच्या खडकांवर वादळाने त्याचे तुकडे केले. साडेचारशेच्या आसपास माणसं गेली, किनारा हाकेच्या अंतरावर असताना. त्या वादळात इतरही कितीतरी जहाजं बुडाली.

फिट्झरॉयने दीपगृहांतून आणि जहाजांवरून नोंदी मागवल्या आणि ठरावीक वेळेला कुठं किती दाब, कुठल्या दिशेचा वारा, हे एकेका नकाशावर मांडत गेला. नकाशे ओळीने ठेवल्यावर वादळ चालताना दिसलं. नैर्ऋत्येकडच्या कॉर्नवॉलला ते आधी धडकलं होतं आणि तिथून उत्तरेकडे सरकत गेलं होतं. कॉर्नवॉलहून लिव्हरपूलला तार जायला किती वेळ लागला असता? काही मिनिटं. पूर्वी कर्जतहून गाडी सुटल्याची तार लोणावळ्याला पोचली की तिथला स्टेशनमास्तर सिग्नलच्या तयारीला लागायचा, तसाच हा हिशेब. वादळ तासाला काही मैल चालतं, तार विजेच्या वेगाने. मधला वेळ हाच वाचण्याचा वेळ. यात वादळ का होतं याचा पक्का सिद्धांत असायची गरजच नाही. ते झालंय आणि इकडं येतंय, एवढं कळलं तरी पुरे.

ब्रिटन-आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या पेंझन्स, गॉलवे, ॲबर्डीन अशा डझनभर ठिकाणांहून रोज सकाळी दाब, तापमान आणि वारा यांच्या तारा लंडनला यायला लागल्या. फेब्रुवारी १८६१पासून इशारे सुरू झाले. लंडनहून तार आली की बंदरातल्या उंच खांबावर खूण चढवायची. या खुणा म्हणजे कड्यांवर ताणून काळं रंगवलेलं कॅनव्हास. सपाट निशाण वारा नसला की लोंबतं आणि बाजूने बघितलं तर दिसत नाही. शंकू आणि पिंप मात्र कुठूनही बघा, तसंच दिसतं. शंकूचं टोक वर असेल तर उत्तरेकडून वादळी वारा, खाली असेल तर दक्षिणेकडून. नुसतं पिंप असेल तर दिशा बदलत येणारी वादळं. शंकू आणि पिंप दोन्ही असतील तर फार मोठं वादळ. रात्री हेच आकार कंदिलांनी दाखवायचे. लिहिता-वाचता न येणाऱ्या कोळ्यालाही समजावं असा सगळा बेत. गरीब मच्छीमार गावांमध्ये त्याने सरकारतर्फे बॅरोमीटरही बसवले आणि ते कसे वाचायचे याच्या सोप्या सूचना लिहून दिल्या.

आणि मग त्याने पुढचं पाऊल टाकलं. रोज सकाळी एवढी माहिती टेबलावर येतेच आहे, तर उद्या-परवाचं सांगायला काय हरकत? १ ऑगस्ट १८६१च्या ‘टाइम्स’मध्ये पुढच्या दोन दिवसांचा अंदाज आला: उत्तरेत मध्यम पश्चिमी वारा, स्वच्छ, पश्चिमेत मध्यम नैर्ऋत्य वारा, स्वच्छ, दक्षिणेत जोराचा पश्चिमी वारा, स्वच्छ. बस, एवढाच. लोकांना चटक लागली. राणी व्हिक्टोरियासुद्धा आइल ऑफ वाइटला जाण्याआधी समुद्र कसा असेल ते विचारायला त्याच्याकडे माणूस धाडायची.

गोची इथंच झाली. इशारा आणि अंदाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इशारा म्हणजे झालेल्या गोष्टीची पुढची खबर. अंदाज म्हणजे न झालेल्या गोष्टीबद्दलचं मत, आणि तेही रोज, प्रत्येक विभागासाठी. ब्रिटनचं हवामान बहुतांशी पश्चिमेकडून, अटलांटिकवरून येतं. त्या बाजूला आयर्लंडच्या पलीकडे एकही ठाणं नव्हतं. म्हणजे जिकडून हवा येते तिकडेच आंधळा कोपरा. वरच्या थरांतल्या हवेची नोंद नाही, गणित करायला संगणक सोडाच, समीकरणंही जुळलेली नाहीत. अशा परिस्थितीत अंदाज चुकणारच. हे भविष्य नाही, मत आहे, असं तो परोपरीने बजावत राहिला. पण छापील ओळीवर लोकांचा विश्वास बसतो आणि ती चुकली की तेवढाच राग येतो. वर्तमानपत्रं टर उडवायला लागली. खुद्द ‘टाइम्स’ने १८६४मध्ये अंदाजांच्या अपयशापासून हात झटकले. इशारा लागला की होड्या किनाऱ्यावर राहतात आणि दिवसाची मासळी बुडते, म्हणून होड्यांचे मालक चिडले. खासदार तारांच्या खर्चावर बोट ठेवायला लागले. शास्त्रज्ञांची तक्रार वेगळी होती: आधी नियम सिद्ध करा, मग बोला.

शास्त्रज्ञांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबर होतं. पण नियम सिद्ध व्हायला पन्नास वर्षं लागणार असतील आणि वादळ परवा येणार असेल, तर जहाजाचा कप्तान थांबत नाही. हाताशी आहे त्या माहितीवर हुकूम देतो. फिट्झरॉयने तेच केलं. माझ्या मते त्याची चूक झाली ती रोजच्या अंदाजाची जोड देण्यात. नुसते इशारे चालू ठेवले असते तर इतके शत्रू झाले नसते.

दरम्यान घरचे घाव बसतच होते. पहिली पत्नी १८५२मध्ये गेली, नंतर थोरली मुलगी. कानांनी दगा दिला. ‘बीगल’वर त्याच्या हाताखाली काम केलेल्या बार्थोलोम्यू सलिव्हनला व्यापार मंडळातली जी जागा मिळाली, तिच्यावर त्याची स्वतःची नजर होती. १८६०च्या ऑक्सफर्डमधल्या उत्क्रांतीवरच्या गाजलेल्या वादात तो बायबल उंचावून बोलला आणि कुणीच ऐकलं नाही. आपल्याच जहाजावर बायबलविरोधी विचार रुजला, याची खंत त्याला होतीच. ३० एप्रिल १८६५ला, रविवारी सकाळी, दक्षिण लंडनमधल्या घरी त्याने आयुष्य संपवलं. मामासारखंच आपलं होईल ही भीती शेवटी खरी ठरली.

मागे संपत्ती अशी उरलीच नव्हती. सहा हजार पौंडांच्या घरातली रक्कम सरकारी कामांवर पदरमोड करण्यात गेली होती. मित्रांनी कुटुंबासाठी निधी उभारला. डार्विनने शंभर पौंड दिले.

त्याच्यानंतर डार्विनचाच नातलग फ्रान्सिस गॉल्टन याच्या समितीने खात्याची झाडाझडती घेतली आणि १८६६मध्ये अंदाज व इशारे दोन्ही बंद पडले. अंदाज बंद झाल्याचं फारसं दुःख कुणी केलं नाही. इशारे बंद झाले तेव्हा मात्र बंदरांतून ओरड सुरू झाली. खलाशी, कोळी, बंदर अधिकारी, सगळ्यांनी ते परत मागितले आणि १८६७मध्ये खुणा पुन्हा खांबांवर चढल्या. रोजचा अंदाज परत छापून यायला १८७९ उजाडलं.

ही पद्धत आपल्याकडेही लगोलग पोचली. ऑक्टोबर १८६४मध्ये कलकत्त्यावर चक्रीवादळ कोसळून हजारो माणसं मेली. पुढच्याच वर्षी तिथल्या बंदरासाठी वादळाचे इशारे सुरू झाले, १८७५मध्ये भारतीय हवामान खातं निघालं आणि यथावकाश आपला किनाराही त्यात आला. रत्नागिरीत किंवा वेंगुर्ल्यात ‘बंदरात तीन नंबरचा बावटा लागला’ असं म्हणतात, तो बावटा याच घराण्यातला. तीन नंबर म्हणजे बंदराला जोरदार वाऱ्याचा धोका आहे, सावध राहा. आकडे एक ते अकरा, आणि अधिकृत खुणा अजूनही तशाच: दिवसा शंकू आणि पिंपासारखे नळकांडे, रात्री लाल-पांढरे दिवे. आता खबर आधी फोनवर येते, पण बातमीत शब्द बावट्याचाच असतो.

ब्रिटनमध्ये रेडिओवर समुद्राच्या विभागांची नावं घेत हवामान सांगतात. त्यातल्या ‘फिनिस्टेर’ या विभागाचं नाव २००२मध्ये बदलून ‘फिट्झरॉय’ केलं गेलं. कारण अगदी कचेरीतलं: स्पेनचं हवामान खातं तेच नाव दुसऱ्याच पट्ट्यासाठी वापरायचं आणि घोटाळा होत होता. एक्झिटर शहरात ब्रिटिश हवामान खात्याचं मुख्यालय ज्या रस्त्यावर आहे, त्या रस्त्यालाही त्याचंच नाव आहे.